बुडापेस्ट २०२३ : दुसऱ्या उडीचा हिशेब

मंगळवार, २२ ऑगस्ट

व्हिएन्नाहून सकाळी निघालेली रेल्वे अडीच-पावणेतीन तासांत बुडापेस्टच्या केलेती स्थानकात येते. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा १९ तारखेलाच सुरू झाली होती. परंतु हा सारा बेत पुरुषांच्या लांब उडीभोवती आखलेला असल्यामुळे पात्रता फेरीच्या आदल्या दिवशी शहरात पोहोचणे मला पुरेसे होते. शाळेच्या मैदानावर मुलांना लांब उडी शिकवण्यात माझ्या नोकरीची वर्षे गेली. नियम तोंडपाठ होते, पण आठ मीटरच्या पुढची उडी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचा योग आला नव्हता. व्हिएन्नात शिकणारा भाचा सोबतीला होता आणि फोरिंट या हंगेरीच्या चलनाचा हिशेब, तिकिटे, ट्रॅम हे सारे त्याने आपल्याकडे घेतले होते.

याच वर्षी येण्याला कारणही तसेच होते. स्पर्धेला सुरुवात झाली तेव्हा हंगामातील जगातील सर्वांत लांब उडी एका भारतीयाच्या नावावर होती आणि तिच्या खालोखालची उडीही भारतीयाचीच होती. तमिळनाडूच्या जेस्विन ऑल्ड्रिनने मार्चमध्ये कर्नाटकातील विजयनगर येथे ८.४२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला होता, तर केरळच्या मुरली श्रीशंकरने जूनमध्ये भुवनेश्वरला ८.४१ मीटर अंतर गाठले होते. त्याच महिन्यात पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये श्रीशंकर ८.०९ मीटरसह तिसरा आला, तेव्हा पहिला आलेला ग्रीसचा ऑलिंपिक विजेता मिल्टियाडिस टेंटोग्लू त्याच्यापेक्षा केवळ चार सेंटीमीटर पुढे होता. जुलैमध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत श्रीशंकरने ८.३७ मीटर उडी मारून रौप्यपदक मिळवले. जागतिक ॲथलेटिक्समध्ये भारताला पहिले पदक मिळाले तेही लांब उडीतच. २००३ साली पॅरिसमध्ये अंजू बॉबी जॉर्जने ६.७० मीटरच्या उडीवर कांस्यपदक पटकावले होते. वीस वर्षांनी पुरुषांमध्ये तसे काही घडेल, ही अपेक्षा त्यामुळे भाबडी म्हणता आली नसती.

राष्ट्रीय ॲथलेटिक्स केंद्र हे नवे स्टेडियम शहराच्या दक्षिणेला, पेस्टच्या म्हणजे नदीच्या पूर्वेकडच्या बाजूला, अगदी डॅन्यूबच्या काठावर उभे आहे. संसद भवनापासून नदीकाठाने येणारी दोन क्रमांकाची ट्रॅम शेवटच्या थांब्यावर सोडते आणि तिथून थोडे चालले की वर्तुळाकार छत दिसू लागते. सुमारे पस्तीस हजार प्रेक्षक बसतील अशी सोय स्पर्धेपुरती केलेली होती आणि वरचा मजला नंतर उतरवला जाणार होता, म्हणजे शहराच्या वाट्याला रोजच्या वापराचे आटोपशीर मैदान उरणार होते. मोठ्या स्पर्धा सरल्यावर ओस पडलेली स्टेडियमे आठवून पाहिली तर हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

संध्याकाळच्या सत्रात पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत, होती. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे तीत असायला हवा होता. परंतु यंदा प्रत्येक प्राथमिक शर्यतीतून फक्त पहिले पाच जण पुढे जाणार होते, वेळेच्या आधारावर कोणालाही संधी नव्हती, आणि साबळे आपल्या शर्यतीत सातवा आला होता. त्याच्याविना झालेली अंतिम शर्यत मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीने जिंकली. नाशिक जिल्ह्यातील सर्वेश कुशारेही उंच उडीच्या पात्रता फेरीतूनच परतला होता. आपल्याकडची दोन नावे अशी आधीच गळाल्यामुळे उंच उडीची अंतिम फेरी मी जरा अलिप्तपणे पाहू लागलो होतो, पण तिनेच पुढच्या दोन दिवसांचा विषय हातात दिला.

इटलीचा जिआनमार्को ताम्बेरी आणि अमेरिकेचा जुव्हॉन हॅरिसन हे दोघेही २.३६ मीटरवरून गेले आणि २.३८ मीटर दोघांनाही जमले नाही. ताम्बेरीने २.३६ मीटर पहिल्या प्रयत्नात पार केले होते, हॅरिसनला दुसरा प्रयत्न लागला होता. सुवर्णपदक ताम्बेरीला मिळाले. याच ताम्बेरीने टोकियो ऑलिंपिकमध्ये कतारच्या मुताझ बार्शिमबरोबर सुवर्णपदक वाटून घेतले होते. हॅरिसन टोकियोत उंच आणि लांब अशा दोन्ही उड्यांच्या अंतिम फेरीत उतरला होता, ही गोष्ट भाच्याला सांगताना त्याने विचारले, “मामा, लांब उडीत दोघांचे अंतर सारखे निघाले तर?”

तर दोघांची दुसऱ्या क्रमांकाची सर्वोत्तम उडी पाहतात, तीही सारखी असेल तर तिसरी, असे मी त्याला सांगितले. हा नियम शाळेच्या स्पर्धांत क्वचितच लागू पडतो, कारण मुलांच्या अंतरांत पुरेशी तफावत असते. जागतिक पातळीवर मात्र टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदक याच नियमाने ठरले होते. क्यूबाच्या हुआन मिगेल एचेवारियाने आणि टेंटोग्लूने ८.४१ मीटर हेच अंतर नोंदवले होते. टेंटोग्लूने ते शेवटच्या प्रयत्नात गाठले आणि त्याची दुसरी उडी सरस असल्यामुळे पदक ग्रीसला गेले.

बुधवार, २३ ऑगस्ट

पात्रता फेरी सकाळच्या सत्रात होती आणि ऊन कडक होते. त्या आठवड्यात मध्य युरोपात उष्णतेची लाट होती. नदीकाठ असूनही हवेत गारवा नव्हता. सकाळच्या सत्रांना गर्दी कमी असते, त्यामुळे वाळूच्या खड्ड्याला जवळची जागा सहज मिळाली. आज खड्ड्याजवळून पाहायचे आणि उद्या जिच्यावरून उडी घेतात त्या फळीजवळून, असे मी आधीच ठरवले होते.

पात्रता फेरीचे स्वरूप निर्दय असते. प्रत्येकाला तीनच उड्या, ८.१५ मीटर किंवा त्याहून जास्त गेले तर थेट प्रवेश, नाहीतर सर्वोत्तम बाराजणांत नाव यायला हवे. धावमार्ग चाळीसेक मीटरचा, फळी वीस सेंटीमीटर रुंद, आणि खेळाडू ताशी छत्तीस किलोमीटरहून अधिक वेगाने तिच्यावर येतो. धावमार्गाच्या कडेला प्रत्येकाने आपापली खूण लावलेली असते. पहिल्या उडीनंतर ती खूण पायाच्या मापाने मागे-पुढे सरकवण्याचे काम जवळजवळ प्रत्येक जण करत होता, कारण नव्या मैदानाचा पृष्ठभाग, वारा आणि मनातला ताण यांनी वीस-बावीस पावलांच्या धावेत पाच-दहा सेंटीमीटरचा फरक सहज पडतो.

फळीच्या पुढे पूर्वी प्लॅस्टिसिनची पट्टी असे आणि पाय पुढे गेला की तिच्यावर ठसा उमटे. नोव्हेंबर २०२१ पासून ती पद्धत बदलली. आता जमीन सोडण्यापूर्वी बुटाचे टोक फळीच्या पुढच्या कडेवरील काल्पनिक उभ्या प्रतलाला ओलांडून गेले, की कॅमेऱ्याच्या प्रतिमेवरून उडी बाद ठरते. जुन्या नियमात बुटाचे टोक कडेपुढे अधांतरी असले आणि पट्टीला लागले नसले तर उडी चालून जाई. ती सवलत आता संपली. निर्णय अचूक होतात हे खरेच. पण खेळाडूने वाकून स्वतःच ठसा पाहावा आणि मान डोलवून परत फिरावे, ही जुनी रीत मला अधिक सरळ वाटत असे. आता तो पंचांकडे, पंच पडद्याकडे आणि प्रेक्षक झेंड्याकडे पाहतात: लाल म्हणजे उडी बाद, पांढरा म्हणजे वैध.

श्रीशंकरच्या उड्या पाहताना पहिल्यापासून काहीतरी बिनसल्यासारखे वाटत होते. त्याची धाव नेहमी लयदार असते. आज फळीच्या अलीकडच्या दोन-तीन पावलांत ती तुटत होती, आणि लांब उडीत तीच पावले सर्वांत मोलाची असतात. शेवटून दुसरे पाऊल किंचित लांब पडते, शरीराचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि शेवटच्या आखूड पावलावर वेगाचे रूपांतर उंचीत होते. तिथे पावले चाचपडली की धाव कितीही वेगवान असो, अंतर हातचे जाते. त्याची सर्वोत्तम उडी ७.७४ मीटर राहिली आणि तो बाहेर पडला. आदल्या वर्षी युजीनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत सातवा आलेला हा खेळाडू प्रशिक्षकांच्या कठड्याकडे जाताना दिसला. त्याचे प्रशिक्षक त्याचे वडीलच, स्वतः एकेकाळचे तिहेरी उडीपटू. तिकडे फार वेळ पाहणे मला प्रशस्त वाटले नाही.

ऑल्ड्रिनने बरोबर ८.०० मीटर उडी मारली आणि बाराव्या, म्हणजे अखेरच्या जागेवरून अंतिम फेरी गाठली. जमैकाच्या वेन पिनॉकने मात्र ८.५४ मीटर उडी मारून हंगामातील अव्वल स्थान ऑल्ड्रिनकडून हिरावून घेतले. पिनॉक वाळूत उतरला तेव्हा खड्ड्याजवळ बसल्याचे सार्थक झाले. आठ मीटर आणि साडेआठ मीटर यांतला फरक दूरचित्रवाणीवर एका रेषेपुरता दिसतो. समोरून पाहताना असे जाणवते, की खेळाडूचे शरीर आता खाली येणार असे ज्या क्षणी वाटते त्या क्षणानंतरही ते हवेत टिकून राहते. पाय पुढे फेकणे, टाचा वाळूत रुतणे आणि कंबर त्या खुणेच्या पुढे किंवा बाजूला सरकवणे, हे सारे एका श्वासात होते. मोजणी वाळूतल्या, फळीला सर्वांत जवळ असलेल्या खुणेपासून करतात, त्यामुळे मागे टेकलेला हाताचा पंजा अर्धा मीटरही खाऊ शकतो. आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट तोंडी सांगून पटत नाही.

टेंटोग्लूने ८.२५ मीटरची एक नीटस उडी मारली आणि तो फारसा रेंगाळला नाही.

संध्याकाळी महिलांच्या पोल व्हॉल्टमध्ये अमेरिकेची केटी मून आणि ऑस्ट्रेलियाची निना केनेडी या दोघी ४.९० मीटरवर सर्वार्थाने बरोबरीत राहिल्या आणि ४.९५ मीटर दोघींनाही न जमल्यावर त्यांनी सुवर्णपदक वाटून घेतले. प्रेक्षकांना ते मनापासून आवडले. मला तितकेसे नाही, हे कबूल करायला हरकत नाही. उड्या मारायला त्राण उरले नसेल तर वाटणी समजू शकते, पण स्पर्धा पाहायला आलेल्याला निकाल हवा असतो. भाच्याचे मत उलट होते आणि ट्रॅमने परतेपर्यंत आमचा हा वाद चालला.

गुरुवार, २४ ऑगस्ट

दुपार शहरात घालवली. मध्यवर्ती बाजारात लांगोश खाल्ला, स्वातंत्र्य पुलावरून बुडाच्या बाजूला गेलो आणि उन्हाने हैराण होऊन लवकरच परतलो. या शहराचाही लांब उडीशी जुना संबंध आहे: हंगेरीच्या लास्लो साल्माने १९८५ साली बुडापेस्टमध्येच ८.३० मीटर उडी मारली होती आणि तो राष्ट्रीय विक्रम अजूनही त्याच्याच नावावर आहे. या आकड्याची मला रात्री पुन्हा गरज पडली.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे फळीच्या रेषेत बसलो. अंतिम फेरीत बारा खेळाडू होते आणि त्यांपैकी तीन जमैकाचे: पिनॉक, २०१९ चा दोहाचा विश्वविजेता तजे गेल आणि कॅरी मॅक्लाउड. पिनॉक आणि मॅक्लाउड हे दोघे अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात एकत्र सराव करणारे. गतविजेता चीनचा वांग जियानानही होता. वर्षभरापूर्वी युजीनमध्ये टेंटोग्लू ८.३२ मीटरसह आघाडीवर असताना वांगने शेवटच्या प्रयत्नात ८.३६ मीटर उडी मारून सुवर्ण हिसकावले होते. ऑलिंपिक, युरोपीय आणि बंदिस्त मैदानातील जागतिक अशी सर्व विजेतेपदे मिळवलेल्या टेंटोग्लूकडे खुल्या मैदानावरील जागतिक विजेतेपद तेवढे नव्हते.

त्याने पहिल्याच प्रयत्नात ८.५० मीटर उडी मारली. ग्रेव्हेना या उत्तर ग्रीसमधल्या गावातून आलेला, लहानपणी भिंती आणि कठड्यांवरून उड्या मारण्याच्या पार्कूरमध्ये रमलेला हा तरुण धाव सुरू करण्यापूर्वी जराही नाटकीपणा करत नाही. टाळ्यांची लय हवी म्हणून हात वर करणारे अनेक असतात. हा बहुधा स्वतःच्या पावलांचीच लय ऐकत असावा. फळीच्या रेषेतून पाहताना लक्षात आले, की फळीवर येताना त्याचा वेग कुठेही मंदावत नाही, आणि पाय फळीवर आदळल्याचा आवाज इतरांपेक्षा कोरडा, आखूड येतो.

पिनॉकने लवकरच उत्तर दिले, तेही नेमके ८.५० मीटरचे. आता दोघांचे सर्वोत्तम अंतर सारखे झाले, परंतु पिनॉकची दुसऱ्या क्रमांकाची उडी टेंटोग्लूपेक्षा सरस असल्यामुळे फलकावर पहिले नाव जमैकाचे आले. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मंगळवारी रात्री विचारलेला प्रश्न दोन दिवसांत फलकावर येईल असे त्यालाही वाटले नव्हते. टोकियोत ज्या नियमाने टेंटोग्लूला सुवर्ण दिले, तोच नियम आज त्याच्याविरुद्ध उभा होता.

ऑल्ड्रिनची रात्र लवकर संपली. तीन प्रयत्नांनंतर पहिले आठ जण उरतात आणि त्याची सर्वोत्तम उडी ७.७७ मीटरची असल्यामुळे तो अकरावा राहिला. क्यूबाचे माजी तिहेरी उडीपटू योआंद्री बेतान्झोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने वर्षभरात मोठी झेप घेतली होती, वय अवघे एकवीस. पण अशा रात्री लागणारा ठाव अजून त्याच्या धावेत आलेला नव्हता. त्याच्या धावेतील वेग खरा आहे. तो वेग प्रत्येक वेळी फळीवर त्याच ठिकाणी आणून सोडण्याची सवय मात्र मोठ्या स्पर्धा खेळूनच अंगी बाणते.

या फेरीत एक जीवघेणा क्षणही आला. मॅक्लाउडचा पाय फळीवरच घसरला आणि तो डोके पुढे अशा अवस्थेत वाळूत कोसळला. स्टेडियमभर एकच उद्गार उमटला. तो उठला. फलकावर त्याचे सर्वोत्तम अंतर ८.२७ मीटर होते. तेवढेच, अगदी सेंटीमीटरला सेंटीमीटर, गेलचेही होते. म्हणजे कांस्यपदकासाठीही तीच बरोबरी आणि तीच दुसऱ्या उडीची कसोटी, आणि तिच्यात गेल सरस ठरला. एकाच रात्री, एकाच खड्ड्यात, पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही जागांसाठी हा नियम वापरावा लागणे दुर्मीळच म्हटले पाहिजे. शेवटच्या तीन फेऱ्यांत मागचा आधी आणि आघाडीवरचा शेवटी असा क्रम असतो, त्यामुळे ताण आपोआप चढत जातो. त्यातच ट्रॅकवर जमैकाला त्या रात्री दोन सुवर्णपदके मिळाली, ४०० मीटरमध्ये अँटोनियो वॉटसनला आणि १०० मीटर अडथळ्यांत डॅनियल विल्यम्सला, त्यामुळे हिरवे-पिवळे झेंडे आमच्या बाजूला सतत हलत होते.

शेवटच्या प्रयत्नासाठी टेंटोग्लू उभा राहिला तेव्हा त्याला ८.५० मीटरची पुनरावृत्ती करणेही पुरले असते, कारण मग त्याची दुसरी उडीही ८.५० मीटरची झाली असती. हे गणित त्याच्या डोक्यात होते की नाही, सांगता येणार नाही. त्याने ८.५२ मीटर उडी मारली. पांढरा झेंडा वर गेला, आकडा यायला काही सेकंद लागले आणि तो आल्यावर ग्रीक प्रेक्षकांचा कोपरा उसळला. पिनॉकला ते अंतर ओलांडता आले नाही. दोन सेंटीमीटरने रौप्य, आणि तेही आदल्या सकाळी ८.५४ मीटर मारलेल्या खेळाडूच्या वाट्याला. पात्रता फेरीची उडी अंतिम फेरीत धरत नाहीत.

शुक्रवार, २५ ऑगस्ट

सकाळी भालाफेकीची पात्रता फेरी होती आणि नीरज चोप्राने पहिल्याच फेकीत ८८.७७ मीटर अंतर गाठून आम्हा भारतीय प्रेक्षकांना लवकर मोकळे केले. दुपारच्या गाडीत बसल्यावर मी लांब उडीचे निकाल पुन्हा काढले.

कांस्यपदक ८.२७ मीटरला गेले होते. ऑल्ड्रिनची मार्चमधली ८.४२, श्रीशंकरची जूनमधली ८.४१ आणि जुलैमधली ८.३७, यांतली कोणतीही उडी गुरुवारी रात्री पडली असती तर पदक भारताचे होते. इतकेच काय, साल्माचा १९८५ चा ८.३० मीटरचा विक्रमही तिसऱ्या जागेला पुरेसा होता. असा ताळा मांडून हळहळणे सोपे आहे. आपल्याकडच्या बातम्यांतही पुढचे काही दिवस तेच चालेल. पण त्या यादीत प्रत्येकाची फक्त सर्वोत्तम उडी असते. स्पर्धेआधी आपण ८.४२ आणि ८.४१ या आकड्यांकडे पाहून पदकाची आशा धरली, आणि ऑल्ड्रिनच्या हंगामातील दुसरी, तिसरी, चौथी उडी किती अंतरावर आहे हे क्वचितच कोणी विचारले. श्रीशंकरच्या बाबतीत तो प्रश्न विचारला असता तर उत्तर समाधानकारक आले असते, म्हणूनच त्याची बुधवारची सकाळ मला अधिक बोचली. टेंटोग्लूने टोकियोत सुवर्ण घेतले, युजीनमध्ये रौप्य आणि इथे सुवर्ण. तिन्ही वेळी पदकाचा प्रश्न अखेरच्या फेरीपर्यंत गेला, आणि तिन्ही वेळी त्याच्या हाती टिकाऊ उड्यांचा साठा होता. भारतीय निवडीच्या आणि सरावाच्या टिपणांत दुसऱ्या सर्वोत्तम उडीचा एक रकाना असावा, असे मी भाच्याला सांगितले. “शाळेत ठेवत होतात का?” असे त्याने विचारले. ठेवत होतो. जिल्हा स्पर्धेसाठी दोन मुलांत निवड करायची वेळ आली की तोच रकाना कामी यायचा.

श्रीशंकरला लगेच संधी होती. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चीनमधील हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धा होत्या.

त्यानंतरची जागतिक स्पर्धा २०२५ मध्ये टोकियोला होती. माइक पॉवेलने १९९१ साली कार्ल लुईसला हरवताना ८.९५ मीटरचा विश्वविक्रम केला तो याच शहरात, आणि तो अजून अबाधित आहे. ज्यांना लांब उडीसाठी अशा स्पर्धेला जायचे असेल त्यांनी पात्रता फेरीचे तिकीट अवश्य काढावे, कारण तीन उड्यांत कोण कसा सावरतो हे त्यातच दिसते. आणि अंतिम फेरीसाठी वाळूच्या खड्ड्यापेक्षा फळीच्या रेषेतली जागा पाहावी. खड्ड्याजवळून अंतर कळते. शेवटची तीन पावले मात्र फळीजवळूनच दिसतात.